छपराबाहेरची टाच

आमच्या कोरगावात माणूस कुठून पडला यावरून त्याची पत ठरते. माडावरून पडला तर कष्टाळू, स्कूटरवरून पडला तर दारुडा, आणि चिऱ्याच्या खाणीत पडला तर काहीतरी चोरायला गेला असणार. मी चिऱ्याच्या खाणीत पडलो. पंचायतीतला कारकून, केस पिकलेला, चष्मेवाला माणूस भर श्रावणात बंद पडलेल्या खाणीच्या काठावर काय करत होता, यावर वाड्यावर बरीच चर्चा झाली. खरं कारण सांगितलं असतं तर ती थांबली असती, पण खरं कारण सांगायची आमच्या घरात बंदी आहे.

कारण होतं कांगलं. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर लाकडाची चौकट टांगून तिला रानातली फळं, फुलं, घोस बांधतात, ती माटोळी. माटोळीत नारळ-सुपारी कुणीही बांधतो. पण कांगल्याचे पिवळेकेशरी घोस ज्याच्या माटोळीत जास्त, तो त्या वर्षीचा राजा. पेडण्याच्या बाजारात ते विकतही मिळतात. पण विकतचं कांगलं बांधणाऱ्याकडे आमच्या घरात ज्या नजरेने बघतात, त्या नजरेने मी लाच खाणाऱ्याकडेही कुणाला बघताना पाहिलेलं नाही. आमची वेल वडिलांनी मला दाखवली होती, त्यांना त्यांच्या वडिलांनी. ती खाणीच्या काठावर आहे. यापेक्षा जास्त मी इथेही लिहिणार नाही.

वेलीला अजून फळ धरलेलं नव्हतं. वेल जागेवर आहे ना आणि दुसऱ्या कुणाचा डोळा तिच्यावर पडलेला नाही ना, एवढंच बघायला मी गेलो होतो. वेल जागेवर होती. काठ नव्हता.

उभाच्या उभा खाली आलो. भेटायला येणारा प्रत्येक जण मला सांगून गेला की नशीबवान आहेस, डोक्यावर नाही पडलास. जणू काय मी वर उभं राहून दोन्हींचा विचार केला आणि पायांची निवड केली. उजवी टाच चिऱ्याच्या उभ्या तुकड्यावर बसली. टाचेचं हाड फुटलं आणि त्याचा एक कोपरा आतल्या बाजूने कातडी फाडून बाहेर आला. हाड इतकं पांढरं असतं हे मला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायची घाईही नव्हती.

मोठ्या इस्पितळातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. हाड जुळेल, त्याला तारा घालता येतात. भीती जखमेची आहे. टाचेवर मांस मुळातच कमी, त्यात खाणीची माती थेट हाडाला लागलेली. पू हाडात शिरला, तर पाय गुडघ्याखाली काढावा लागेल. हे त्या अगदी शांतपणे बोलल्या. मी हो म्हणालो, जसं पंचायतीच्या बैठकीत कुठल्याही ठरावाला म्हणतो. ठराव माझ्याच पायाबद्दल होता हे वॉर्डात परत आल्यावर डोक्यात शिरलं, आणि मग चादर तोंडावर ओढून मी चांगला रडलो.

जखम धुतली, मेलेलं कापून काढलं, तारा घातल्या, आणि मग ते मशीन आलं. जखमेच्या मापाचा काळा स्पंज कापून आत बसवतात. त्यावर पारदर्शक चिकट पडदा, हवा शिरणार नाही असा. पडद्याला भोक, भोकाला नळी, नळीचं दुसरं टोक जेवणाच्या डब्याएवढ्या मशीनला. मशीन सतत ओढत राहतं. जखमेतलं घाण पाणी आणि रक्त मशीनच्या कुशीतल्या डबीत जमतं, आणि जखम हळूहळू खालून भरत येते. हे मला डॉक्टरीणबाईंनी समजावलं. माझ्या चुलतभावाने त्यांच्या समोरच ते मला पुन्हा समजावलं.

चुलतभाऊ मुरगावला बंदरात विजेच्या कामावर आहे. उंटावरचा शहाणा खाली तरी उतरत असेल, हा क्रेनवरचा आहे. "पंप असा दादा, दुसरा काय ना," तो म्हणाला. "जहाजाच्या बुडातला पाणी आमी असाच काडतंव." वॉर्डातल्या लोकांनी माझ्याकडे नव्या आदराने पाहिलं.

थोड्या दिवसांनी मशीनसकट घरी सोडलं. निघताना डॉक्टरीणबाईंनी एकच गोष्ट तीनतीनदा बजावली. मशीन बंद पडता कामा नये. ओढणं थांबलं की तो स्पंज म्हणजे जखमेत कोंबलेली ओली चिंधी, आत सगळं कुजणार. तसं झालं तर वाट बघत बसू नका, सरळ इकडे या. मी ऐकलं, बायकोने ऐकलं, भावाने मान डोलावली. सगळ्यात लक्ष देऊन ऐकत होती ती काकी.

काकी म्हणजे या चुलतभावाची आई. पण राहते ती माझ्याकडे, कारण बंदरावरच्या क्वार्टर्समध्ये तुळस जगत नाही असं तिचं मत आहे. माझी आई मी शाळेत असतानाच गेली, तेव्हापासून मला काकीनेच वाढवलं. घरातलं सोवळंओवळं ही तिची सत्ता. त्यात अपील नाही. आरोग्य केंद्रातली सिस्टर दिवसाआड येऊन स्पंज बदलायची, तेव्हा काकी बाहेर बाल्कांवावर, म्हणजे ओसरीवर, आमच्याकडे पाठ करून बसायची. रक्त दिसलं की काकीला घाम फुटतो. हे ती मरेपर्यंत कबूल करणार नाही. ती त्याला विटाळ म्हणते.

चतुर्थी जवळ आली तशी ती माझ्या खाटेजवळ येऊन बसली. खाटेखालच्या डबीकडे न बघता म्हणाली, "पुता, राग मानू नको. पण रगताची डबी एका छपराखाली आणि म्हाराज चौरंगार, ता माका चलाचा ना."

बायको मये गावची, तळ्याकाठची, गप्प बसणारी नव्हे. "काकी, रगत सगळ्यांच्याच अंगात असा मगो. मग आरतीक उबो कोण ऱ्हवतलो?"

"अंगात असा ता देवान घातलला," काकी म्हणाली. "डबयेत असा ता डाक्तरान काडलला."

असे युक्तिवाद पंचायतीत कुणाला सुचले असते तर गावाचा रस्ता केव्हाच झाला असता.

तर निकाल लागला. घराला लागून स्कूटर ठेवायची शेड आहे, वर पत्रा. दीड दिवस मी आणि माझी डबी तिथे. पण खाट हलवायच्या आदल्या दिवशी काकीने अंगणात उभं राहून वर बघितलं आणि तिच्या लक्षात आलं की शेडचा पत्रा घराच्या कौलांखाली हातभर शिरलेला आहे. म्हणजे छप्पर एकच झालं. विटाळ पत्र्यावरून चालत कौलांवर जाणार आणि तिथून खाली चौरंगावर उतरणार. सणाला घरी आलेल्या भावाने यावर हसायला हवं होतं. त्याऐवजी तो ग्राइंडर घेऊन शिडीवर चढला आणि पत्र्याची ती कड कापून टाकली. घर आणि शेड यांच्यामध्ये चांगली चार बोटांची फट पडली. काकीने खालून आभाळ दिसतं का बघितलं. दिसलं. फटीच्या अलीकडे शास्त्र, पलीकडे मी.

मशीनला वीज लागते, ती भावाने सोडवली. दिवाणखान्यातून वायर काढली, खिडकीतून बाहेर घेतली, शेडकडे ओढली, मध्येच तोकडी पडली म्हणून दुसरी जोडली, जोडाला काळी टेप गुंडाळली. जोड बरोबर फटीखाली लोंबत राहिला. "पाऊस इलो तर?" बायकोने विचारलं. "वैनी, मी बंदरात काम करतंय," तो म्हणाला. म्हणजे बंदरात पाऊस पडत नसावा.

त्याचं खरं लक्ष हत्तीवर होतं. दरवर्षी तो गणपतीसाठी हलता देखावा करतो. गेल्या वर्षी समुद्रमंथन होतं, त्यात देव उलट्या बाजूने ओढत होते. यंदा हत्ती होता. सोंड वर करायचा, सोंडेतून महाराजांच्या डोक्यावर फुलं पडायची, सोंड खाली यायची. वाडाभरची पोरंटोरं बघायला येऊन गेली. शेडमधून मला त्याची घरघर ऐकू यायची, माझ्या मशीनची माझ्या कानाशी. दोन्ही एकाच प्लगबोर्डवर होती. महाराज आणि मी एका छपराखाली चालत नव्हतो, एका बोर्डावर मात्र कुणाची हरकत नव्हती.

चतुर्थीच्या दिवशी भटजी उशिरा आले, पूजा लांबली, आणि आरतीला माणसं जमली तेवढ्यात पावसाची एक जोरदार सर आली. फटीतून पाण्याची धार सरळ त्या टेपवर. ठप्प आवाज झाला. घरातले दिवे गेले, हत्तीची सोंड वरच अडकली. पुढची हकिगत मला नंतर कळली. भावाने धावपळ केली, बटणं वरखाली केली आणि काही क्षणांत दोष शोधला. दोष माझ्या वायरीत होता. त्याने ती बोर्डातून उपटली. दिवे आले, सोंड खाली आली, फुलं पडली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी विचारलं, दादाचं मशीन? "तेका बॅटरी असा," भाऊ म्हणाला, आणि आरती सुरू झाली.

बॅटरी होती. पण आमच्याकडे सणाला घरोघर दिव्यांच्या माळा लागतात आणि विजेचा दाब इतका उतरतो की मिक्सरसुद्धा विचार करून फिरतो. बॅटरी भरलेलीच नव्हती. मशीन किंचाळू लागलं. मीही. पण आमच्या घरची आरती म्हणजे घुमट, शामेळ, कासाळं अशी सगळी वाद्यं, आणि प्रत्येकाची एकेक खास आरती, जी म्हटल्याशिवाय तो माणूस जेवायला बसत नाही. त्या गजरात फाट्यावरच्या पाववाल्या पोदेराचा भोंगा ऐकू आला नसता, तिथे माझं काय. बायकोला फोन केला, तिचा फोन स्वयंपाकघरात वाजत राहिला. भावाला केला, त्याने कापला. पुन्हा केला, पुन्हा कापला. तो हत्तीचा व्हिडिओ काढत होता आणि माझ्या फोनमुळे चित्रीकरण तुटत होतं.

मग मशीन थांबलं. त्याचं किंचाळणंही थांबलं, आणि ते जास्त वाईट होतं. जखमेवर घट्ट बसलेला पडदा सैल पडला, त्याला सुरकुत्या आल्या, आणि त्याच्याखाली लालसर पाणी साचायला लागलं. खाटेवरून उतरायचा मी प्रयत्न केला, पण तारा घातलेली टाच खाली जाताच डोळ्यांसमोर अंधारी आली. तेव्हा मी घाबरलो. इतका वेळ मी घरच्यांची, शास्त्राची, बंदराची सगळ्यांची मनातल्या मनात टर उडवत होतो, ते सगळं गळून पडलं. माझा पाय माझ्या डोळ्यांदेखत कुजतो आहे आणि पत्र्यापलीकडे माझीच माणसं सुखकर्ता दुःखहर्ता म्हणताहेत, एवढंच उरलं. आरती संपली. पंगतीची गडबड ऐकू आली. कुणी आलं नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्या कुणीतरी बघितलं असेल. एकत्र कुटुंबाचा हा मोठाच फायदा.

आली ती काकी. सोवळ्यात, केळीच्या पानावर माझं जेवण घेऊन. खतखतं, मुगागाठी, नेवऱ्या. फटीच्या अलीकडे उभी राहून तिने पान पुढे केलं, मी हात लांब करून ते घ्यायचं असं ठरलं होतं. मी हात पुढे केला नाही.

"मशीन कित्या गप असा?" तिने विचारलं.

"तुझ्या झिलान वायर काडली."

"केन्ना?"

"आरतीआदी."

काकीने पान तिथेच चिखलात ठेवलं. नैवेद्याचं पान, चिखलात. मी तिला आयुष्यात अन्नाचं शीत ओलांडताना पाहिलेलं नव्हतं. ती फट ओलांडून आत आली आणि आधी तिने पायाकडे पाहिलं. कपाळावर घाम आला, तो तिने खांद्याला पुसला. मग ओणवी झाली आणि डबीसकट ते मशीन उचलून पोटाशी धरलं. डबीत अर्ध्यावर माझं रक्त हिंदकळत होतं. "ए!" तिने घराकडे तोंड करून अशी हाक मारली की पंगतीत बसलेले उठले. "चार जण येवा! ह्येका घरात घेवा!"

त्यांनी मला खुर्चीवर बसवून उचललं. पुढे नळीच्या अंतरावर काकी, मागे मी, अशी आमची मिरवणूक पुढच्या दाराने आत शिरली, थेट माटोळीखाली. दिवाणखान्यात कुणी घास गिळेना. भटजी हातातली नेवरी तशीच धरून म्हणाले, "काकी, विटाळ होतलो..."

"विटाळ माका कळता," काकी म्हणाली. "तुमी नेवरी खावा."

तिने हत्तीचा प्लग उपटला आणि माझा लावला. मशीन गुरगुरलं, क्षणभर ओढलं, आणि पुन्हा ओरडू लागलं. पडदा सुटला होता, हवा शिरत होती. बायकोने सिस्टरला फोन लावला. सिस्टर म्हणाली, इस्पितळ गाठा, आत्ता.

भाऊ खाली बघून, उद्यावर ढकलत म्हणाला, "आई, फाल्या व्हरूया. म्हाराज घरात असत, घर सोडून कसा..."

"म्हाराज फाल्या सांजेपर्यंत हयच असत," ती म्हणाली. "ह्येचो पाय नसतलो."

गाडी भावाने चालवली. काकी माझ्याशेजारी बसली, सोवळ्यातच, मशीन मांडीवर घेऊन. तिला काहीतरी बोचरं सुनवायचं मी कोरगाव सोडल्यापासून ठरवत होतो. तिच्या मांडीवर ती डबी बघून एकही वाक्य जमेना.

ड्रेसिंगच्या खोलीत त्याच डॉक्टरीणबाई होत्या. "किती वेळ बंद होतं?" त्यांनी विचारलं. भावाने घसा साफ केला. "थोडोच वेळ, मॅडम. बॅटरी होती..."

"ना," काकी म्हणाली. "आरतीआदी बंद पडला. पंगत बसली तरी बंदच. माझ्या झिलान बंद केला आणि माझ्या सांगण्यान ह्येका भायर निजयलो. तुमी तसा धरून काय ता करा."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, स्पंज आत्ताच काढावा लागेल. भावाला बाहेर पाठवलं, तो पांढराफटक पडला होता. "आजी, तुम्हीही बाहेर थांबा. नाहीतर मग पाय धरा, हलू द्यायचा नाही." काकीने पाय धरला, तारांच्या वर, दोन्ही हातांनी.

सुईने पाय बधिर केला. पडदा सोलला, स्पंज उचलला, आणि खोलीत वास पसरला. घरी सिस्टर स्पंज काढायची तेव्हा खाली लालगुलाबी दाणेदार मांस दिसायचं, सिस्टर त्याला छान म्हणायची. आता तिथे राखाडी, बुळबुळीत चोथा होता. डॉक्टरीणबाईंनी तो धुतला. पुन्हा धुतला. राखाडीच राहिला. "हे खरवडून बघते," त्या म्हणाल्या. "खाली जिवंत असेल तर ठीक. नसेल तर आजच वरच्या डॉक्टरांना बोलवावं लागेल. तेव्हा पायाचा विचार करावा लागेल."

त्यांनी खरवडायला सुरुवात केली. मला दुखत नव्हतं, नुसतं ओढल्यासारखं जाणवत होतं. खाली बघायची माझ्यात हिंमत नव्हती, म्हणून मी काकीच्या तोंडाकडे बघत राहिलो. तिच्या हनुवटीवरून घाम ठिबकत होता. तिला चक्कर येणार असं वाटलं. पण तिने डोळे मिटले नाहीत की मान वळवली नाही. ती थेट जखमेत बघत होती, डोळ्यांची पापणी न हलवता. खरवडणं चालू होतं. मी मनात गुडघ्याखालचा पाय नसलेला मी बघितला, पंचायतीच्या पायऱ्यांशी उभा.

काकीची बोटं एकदम माझ्या पोटरीत रुतली.

"रगत इला," ती म्हणाली.

"आलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "इथेही येतंय. छान लाल आहे. खालचं मांस जिवंत आहे, आजी. पाय राहील."

मी खाली पाहिलं. काकीच्या मनगटावरून रक्ताचा ओघळ सोवळ्याच्या काठापर्यंत गेला होता. तिने हात काढला नाही, पुसलाही नाही. घरी देवाला गाऱ्हाणं घालताना लावते तसा आवाज लावून ती माझ्या टाचेलाच म्हणाली, "येवंदी म्हाराजा. येवंदी."